वेग हातात का राहत नाही? बॅटरीवरच्या बागेच्या ट्रॅक्टरमधला बिघाड शोधताना



दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ संपला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. पुस्तकातले विद्युत चलित्र, म्हणजे आपली मोटार, फिरायला लागलेली असते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम पाठ झालेला असतो, आकृतीला नावेही दिलेली असतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "पण तिचा वेग कमी-जास्त कसा करायचा?" पाठात याचं उत्तर नाही. आणि मुलं रोज पाहतात त्या सगळ्या मोटारी, पंख्यापासून ई-रिक्षापर्यंत, वेग बदलणाऱ्याच असतात.

हा प्रश्न शिकवायला मी एक जरा वेगळं उदाहरण घेते : बागेत गवत कापायला, माती-खत ओढायला वापरतात तो बॅटरीवर चालणारा छोटा ट्रॅक्टर. तो नीट चालत असताना त्यातून फारसं शिकता येत नाही. तो बिघडलेला असतो तेव्हा मात्र पाठ उलगडत जातो. म्हणून आज आपण त्याचा वेग का बिघडतो आणि बिघाड कुठे शोधायचा, ते पाहू.

सुरुवात घरातल्या पंख्यापासून करा. "आमचा पंखा फक्त पाचवरच चालतो" हे वाक्य प्रत्येक वर्गात निदान दोन-तीन मुलं सांगतात. एक ते चार नंबरवर पंखा ढिम्म, पाचवर मात्र भन्नाट. आता मुलांना विचारा, बिघाड कुठे असेल? पंख्यात? पंख्यात असता तर तो पाचवरही चालला नसता. वायरिंगमध्ये? तेही नाही. पाचव्या नंबरवर वीज कुठेही न अडता थेट पंख्यात जाते. खालच्या नंबरांना ती रेग्युलेटरमधल्या वेग कमी करणाऱ्या भागांतून जाते. म्हणजे संशय त्या भागांवरच. पेचकस हातात न घेता आपण निम्म्याहून जास्त यंत्र निर्दोष ठरवलं! कोणते वेग मिळतात आणि कोणते मिळत नाहीत, याची नीट नोंद हाच बिघाड शोधण्याचा पहिला धडा. ट्रॅक्टरलाही तो तसाच्या तसा लागू पडतो.

आता ट्रॅक्टरकडे वळू. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ मध्ये ‘इलेक-ट्रॅक’ नावाचे बागेचे ट्रॅक्टर विकायला काढले. ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकसर जोडणीत, म्हणजे एकूण ३६ व्होल्ट. आज अशा गाड्या ४८ व्होल्टच्याही असतात. पण आतली साखळी तीच. बॅटरी, मग फ्यूज, मग कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), मग वेग ठरवणारा भाग, शेवटी मोटार. चालकाचा पाय पेडलवर असतो. पेडलमधून मोटारीचा प्रवाह जात नाही, जातो तो फक्त निरोप. हे वाक्य मुलांकडून वहीत लिहून घ्या. निरोपाची बारीक वायर वेगळी आणि प्रवाहाची जाड वायर वेगळी, एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

वेग कमी करायचे जुने दोन मार्ग आहेत, आणि ते ठाणेकरांच्या रोजच्या प्रवासात जवळजवळ ९० वर्षं होते. टेंभी नाक्यावरून चालत स्टेशनला जावं आणि लोकल पकडावी, यात आपल्या दोन-तीन पिढ्या गेल्या. मुंबईत विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. त्या जुन्या डीसी गाड्यांच्या मोटारींना सुटताना सगळा दाब एकदम देता येत नसे. आधी मोटारी एकसर जोडायच्या आणि त्यांच्यासोबत मोठे रोध ठेवायचे. गाडीने वेग घेतला की एकेक रोध वगळत जायचं. मग मोटारींची जोडणी बदलायची, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जास्त विभवांतर येतं. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवरची डीसी वीज एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण संपली, आता सगळं २५,००० व्होल्ट एसीवर चालतं. पण मुलांच्या आईवडिलांना त्या गाड्या सुटतानाचे हलके टप्पे आठवत असतील. जरूर विचारायला सांगा.

मोठ्या मॉडेलच्या इलेक-ट्रॅकमध्येही पहिल्या काही पायऱ्यांना रोध वापरले होते. रोधाचा तोटा काय, ते पाढ्याइतक्या सोप्या गणिताने दाखवता येतं. समजा ३६ व्होल्टपैकी निम्मा दाब, म्हणजे १८ व्होल्ट, रोधावर पडतो आणि प्रवाह ५० अँपिअर आहे. १८ गुणिले ५० म्हणजे ९०० वॅट. जवळजवळ एक इस्त्री सीटखाली सतत तापत ठेवल्यासारखं! म्हणून अशा ट्रॅक्टरमध्ये सगळ्यात आधी जळतो तो हाच भाग. रोधाची पट्टी तुटली की लक्षण कोणतं? बरोबर, आपला पंखा. हळू वेग गायब, पुढचे वेग शाबूत. पहिल्या पायऱ्यांवर गाडी हलतच नाही आणि पुढच्या पायरीवर हिसका देऊन निघते.

वरचे वेग मिळवायची युक्ती मुलांना चकवते, म्हणून इथे थोडं थांबा. या ट्रॅक्टरमध्ये जास्त वेगासाठी मोटारीचं चुंबकीय क्षेत्र कमी केलं जातं. चुंबक अशक्त केल्यावर मोटार हळू फिरायला हवी ना? पण फिरणारी मोटार त्याच वेळी जनित्रही असते. ती बॅटरीच्या विरुद्ध दिशेने दाब तयार करते आणि त्या उलट दाबामुळेच तिचा प्रवाह आटोक्यात राहतो. चुंबक अशक्त झाला की तोच उलट दाब तयार करायला तिला जास्त जोरात फिरावं लागतं. म्हणून वेग वाढतो, ओढण्याची ताकद मात्र घटते. सपाट वाटेवर ट्रॅक्टर नीट पळतो, चढावर दमतो, तक्रार फक्त वरच्या वेगाचीच आहे, असं असेल तर या क्षेत्राच्या वायरींकडे बघा. यातच एक धोकाही आहे. क्षेत्राची वायर पूर्णच तुटली, तर चुंबक जवळजवळ नाहीसा होतो. मग भार नसलेली मोटार वेडीवाकडी वेग घेते, आणि भार असेल तर प्रचंड प्रवाह ओढते. चांगल्या यंत्रात क्षेत्राचा प्रवाह आहे की नाही हे पाहणारं संरक्षण असतं. दुरुस्तीच्या नावाखाली ते ‘बायपास’ करणारे महाभाग सगळीकडे भेटतात.

आजच्या गाड्यांत रोध तापवण्याची गरज उरलेली नाही. कंट्रोलर नावाची पेटी सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करते. चालू राहण्याचा काळ जास्त, तर वेग जास्त. बंद राहण्याचा काळ जास्त, तर वेग कमी. टेंभी नाक्याला नवरात्रात रोषणाई पाहायला आपण जातोच. तिथल्यासारख्या हळूहळू उजळणाऱ्या आणि मंदावणाऱ्या एलईडी माळांतही बहुधा हीच युक्ती असते. डोळ्याला उघडझाप दिसत नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर अनेकदा चित्रात काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. पालकांनो, हा घरचा प्रयोग. खर्च शून्य.

आता खरा बिघाड शोधू. ट्रॅक्टरची चाकं जॅकवर उचला, खाली लाकडी ठोकळे द्या, उरलेल्या चाकांना अडसर लावा. अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. ४८ व्होल्टचा झटका सहसा फार मोठा बसत नाही. पण अंगठी दोन टोकांत अडकली तर शेकडो अँपिअर त्यातून जातात आणि बोट भाजतं. आणखी दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. चावी बंद करून बॅटरी सोडवली तरी कंट्रोलरमधल्या धारित्रात काही वेळ वीज शिल्लक असते. आणि काही मोटारी भाराशिवाय धोकादायक वेग घेतात, म्हणून चाकं उचललेली असताना पेडल पूर्ण दाबायचं नाही, अगदी थोडं आणि क्षणभरच. मुलांनी या वेळी बघायचं, लिहायचं, अंदाज सांगायचे. हात मोठ्यांनीच लावायचा.

पहिली तपासणी कानाने. चावी फिरवून पेडल किंचित दाबल्यावर कॉन्टॅक्टरचा ‘टक्’ आवाज येतो का? या एका आवाजाने यंत्राचे दोन तुकडे होतात. आवाज आला तर चावी, सीटखालचा स्विच, पेडलचा छोटा स्विच ही निरोपाची बाजू तिथवर ठीक आहे. बिघाड पुढे, जाड वायरींच्या बाजूला असण्याची शक्यता मोठी. आवाज आला नाही तर मोटार उघडण्यात अर्थ नाही, बारीक वायरी तपासा. मधोमध तपासून निम्मं क्षेत्र बाद करायचं, मग उरलेल्याच्या मधोमध. अंक ओळखण्याच्या खेळात मुलं ‘पन्नासपेक्षा मोठा का?’ असं विचारतात, तसंच.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण वेगाची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत अनेकदा खरा दोषी तीच असते. उभ्या गाडीत मल्टिमीटर लावला की ६ व्होल्टच्या सहाही बॅटऱ्या ६.३ च्या आसपास दाखवतात आणि माणूस म्हणतो, बॅटरी एकदम चांगली! पण विश्रांतीतला दाब बॅटरीची ताकद सांगत नाही. भार असताना मोजा. समजा पाच बॅटऱ्या ६.० वर टिकल्या आणि सहावी ४ वर घसरली, तर सापडला चोर. अशी गाडी सपाटीवर बरी चालते, चढावर किंवा गवत दाट आलं की मंदावते, आणि पाच मिनिटं उभी केली की पुन्हा बरी होते. कंट्रोलर असलेल्या गाडीत याचं दुसरं रूप दिसतं : दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की कंट्रोलर वीज तोडतो, भार जाताच दाब वर येतो, कंट्रोलर पुन्हा चालू होतो. गाडी हिसके देते आणि लोक कंट्रोलर बदलायला निघतात.

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे सैल किंवा गंजलेली जोडणी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की तांब्याच्या टोकांवर हिरवट थर आणि बॅटरीच्या लगवर पांढरी भुकटी यायला वेळ लागत नाही. इथे अकरावी-बारावीच्या मुलांना एक सुंदर प्रश्न घालता येतो. जोडणीचा रोध मल्टिमीटरने मोजला तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. तरी ती जोडणी खराब कशी? उत्तर ओहमच्या नियमात आहे. ६० अँपिअर वाहत असताना त्या जोडणीच्या दोन बाजूंना १.५ व्होल्टचा फरक मिळाला, तर रोध ०.०२५ ओहम. मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचा रोध त्याहून जास्त असतो, मग त्याला तो दिसणार कसा? म्हणून इथे रोध मोजायचा नाही. प्रवाह वाहता ठेवून विभवांतर मोजायचं. शिवाय १.५ गुणिले ६० म्हणजे ९० वॅटची उष्णता त्या एका लगमध्ये तयार होते. काम थांबवून चावी बंद केल्यावर हाताचा उलटा पंजा जवळ नेला तरी ऊब कळते.

आता पेडलकडे येऊ. गाडी हिसके देते, पण ठरावीक जागीच. पेडल थोडं पुढे नेलं की ठीक चालते. हे पेडलमधल्या सरकत्या संपर्काचं लक्षण. रोज जिथे पाय थांबतो तिथली पट्टी झिजते. जुन्या रेडिओचा आवाजाचा खुंटा फिरवताना खरखर यायची, अगदी तसंच. तपासायला पेडल अगदी सावकाश दाबत मीटर बघा. आकडा सरकत वाढायला हवा. मध्येच उडी मारली तर पेडल सुटं काढायची वेळ आली. नव्या गाड्यांत घासणारी पट्टी नसते, चुंबकीय संवेदक असतो. त्याच्या तीन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्ट, एक ऋण, आणि तिसरीवर निरोप : पेडल सोडलेलं असताना साधारण ०.८ ते १ व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर ४ च्या आसपास. निरोप शून्यापासून का सुरू होत नाही, हे मुलांना नक्की विचारा. कारण शून्य आलं तर वायर तुटली हे कंट्रोलरला कळावं.

इथेच या विषयातला सगळ्यात गंभीर प्रश्न येतो. वायर तुटली तर गाडी थांबावी की पळावी? कुणीही म्हणेल, थांबावी. पण सगळ्या रचना तशा नसतात. काही पेडलांमध्ये रोध शून्य म्हणजे थांब आणि ५,००० ओहम म्हणजे पूर्ण वेग. वायर तुटली की रोध अमर्याद, म्हणजे निरोप ‘पूर्ण वेग’! काहींत नेमकं उलट असतं, त्यांत तुटलेली वायर गाडी थांबवते. तीन वायरींच्या संवेदकातही ऋण वायर तुटली तर निरोपाची वायर ५ व्होल्टच्या जवळ उचलली जाते. चांगला कंट्रोलर मर्यादेबाहेरचा आकडा ओळखून मोटार बंद करतो, स्वस्तातला कदाचित नाही. म्हणून कंट्रोलर किंवा पेडल बदलताना दोघांची जात जुळते का, हे आधी पाहायचं. गाडी चालली म्हणजे जुळली, असं होत नाही.

गाडी आपोआप पळण्याचं दुसरं कारण कंट्रोलरच्या आत आहे. तिथले इलेक्ट्रॉनिक स्विच जळतात तेव्हा बहुतेकदा ‘कायमचे चालू’ होऊन जळतात. ब्रशवाल्या मोटारीत याचा अर्थ पेडल सोडलं तरी पूर्ण वेग. ई-रिक्षात सहसा असते तशा ब्रश नसलेल्या मोटारीत मात्र हाच बिघाड उलट वागतो. मोटार पळत नाही, अडकल्यासारखी होते. गाडी ढकलली तर चाक गचके देत फिरतं. एकच भाग जळला, पण मोटार बदलली की लक्षण बदललं. म्हणून ‘मोटार कोणत्या जातीची’ हा प्रश्न आधी विचारायचा. माथेरानमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये हातरिक्षांना पर्याय म्हणून ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. तिथला चढ-उतार आठवा, म्हणजे वेग हातात राहण्याची किंमत कळेल.

पालकांसाठी एक सांगते. सोसायटीच्या आवारात लहान मुलं बसून चालवतात त्या बॅटरीच्या खेळण्यातल्या गाड्या बघा. दोन मोटारींच्या अनेक गाड्यांत हळू-जलद असं बटण असतं : हळूला मोटारी एकसर, जलदला समांतर. आपल्या जुन्या लोकलची धाकटी बहीणच. अशी गाडी पाय उचलल्यावरही चालत राहिली, तर ‘नंतर बघू’ म्हणू नका. बॅटरीची पिन काढा आणि तपासून होईपर्यंत गाडी मुलाच्या हातात देऊ नका.

उलट बाजूही आहे. कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं. पेडलवर पाय ठेवूनच चावी फिरवली तर कित्येक कंट्रोलर गाडी सुरू होऊ देत नाहीत. सीटवर वजन नसेल तर स्विच मोटार तोडतो. लोकलच्या मोटरमनला हँडल दाबून धरावं लागतं, सोडलं की ब्रेक लागतात, त्याच घराण्यातली ही सोय. गाडी ‘मुद्दाम’ चालत नाहीये की ‘बिचारी’ चालू शकत नाहीये, हे वेगळं ओळखता आलं पाहिजे.

वर्गासाठी ट्रॅक्टर लागत नाही. लॅमिंग्टन रोडला खेळण्यातल्या ३ व्होल्टच्या दोन मोटारी, सेलचं घर, एक छोटा रोध आणि दोन-तीन स्विच सहज मिळतात. हे सगळं एका पुठ्ठ्यावर जोडा, एकसर-समांतर दोन्ही वेग मिळतील असं. मग मुलं बाहेर असताना एक बिघाड लपवा : सेलच्या टोकाला सेलोटेपचा तुकडा, एक सैल वायर, एक दमलेला सेल. नियम असा ठेवा की मीटर लावण्याआधी गटाने फळ्यावर अंदाज आणि त्याचं कारण लिहायचं. गुण अंदाजाला आणि कारणाला द्या, बिघाड सापडल्याला कमी. आपण नेहमी उत्तराला गुण देतो, म्हणून मुलं भराभर वायरी ओढून बघतात. आणि पाच पुठ्ठ्यांपैकी एका पुठ्ठ्यात काहीच बिघाड ठेवू नका, फक्त स्विच बंद ठेवा. त्या गटाला सगळ्यात जास्त वेळ लागतो.